मुदत संपली, भाडं चालूच राहिलं

प्रश्न : मी डोंबिवलीत राहतो. गुंतवणूक म्हणून दिव्यात स्वस्तात दोन वन आरके घेतले. पहिला जून २०२२ मध्ये ११ महिन्यांच्या रजिस्टर्ड लिव्ह अँड लायसन्स करारावर ५,५०० रुपयांनी दिला. पुढे करार केला नाही, फोनवर बोलून भाडं ६,५०० वर नेलं. चार महिने झाले, पैसे बंद आहेत. खोली सोडा म्हटलं तर म्हणतो, ‘मी कायमचा भाडेकरू, आणि भाडं साडेपाच हजारच ठरलंय.’ एजंट म्हणतो, मागच्या तारखेचा नोटरी करार करून घेऊ. काय करावं?

उत्तर : एजंटला आधी नाही म्हणून कळवा. मागच्या तारखेचा कागद हा खोटा दस्त होतो आणि तो उद्या तुमच्याच विरुद्ध वापरला जाईल.

‘माणूस चांगला होता हो’ हे वाक्य अशा प्रत्येक पत्रात असतं. चांगल्या माणसाशी करार करायला कायद्याने मनाई नाही. तुम्ही वाचवले किती? महिना ६,००० भाडं धरलं तर ११ महिन्यांच्या कराराला मुद्रांक शुल्क दोनशेच्या आसपास, नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० आणि वर थोडा हाताळणी खर्च. एजंटचे काय ते वेगळे.

आता मुद्द्यावर येतो. तुमच्या हातात कामाचा कागद एकच आहे, तो २०२२ चा करार. त्याची इंडेक्स टूसकट (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा) प्रत आजच काढून ठेवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ खाली, राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या परवान्याची (म्हणजे लायसन्सची; त्यात जागा वापरायची मुभा मिळते, भाडेकरूचा हक्क नाही) मुदत संपली की ताबा मागायला दिवाणी कोर्टात जावं लागत नाही. सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे असे अर्ज ऐकण्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. तुमच्यासाठी तो कोकण विभागाचा. लेखी करारात जे लिहिलंय ते तिथे निर्णायक पुरावा मानलं जातं. म्हणजे ‘मी लायसन्सी (परवान्यावर राहणारा) नव्हतोच, पहिल्यापासून भाडेकरू आहे’ ही ओरड त्या ११ महिन्यांपुरती तरी चालणार नाही. शिवाय मुदतीनंतर जागा न सोडणाऱ्याकडून करारातल्या दराच्या दुप्पट नुकसानभरपाई मागता येते. तुमच्या बाबतीत दरमहा ११,०००. ती प्रत्यक्ष हातात पडेल का, ही वेगळी गोष्ट.

घोळ आहे तो मे २०२३ नंतरचा. तुम्ही जीपेवर दर महिन्याला ‘भाडं’ असा शेरा असलेले पैसे घेत राहिलात. तो म्हणणार, नवा तोंडी करार झाला. आणि त्याच कायद्याचं कलम ५५ म्हणतं, करार लेखी आणि नोंदवलेला हवा, ती जबाबदारी घरमालकाची. तो नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जाईल, खोडून काढायचं असेल तर तुम्ही काढा. वर दंड किंवा कैदेची तरतूद आहे, तीही मालकाला. नुसते पैसे घेतल्याने लायसन्सचा भाडेपट्टा होत नाही, असं माझं मत आहे. प्राधिकारी तेच धरतील अशी हमी मी देणार नाही.

म्हणून पहिलं काम नोटिशीचं. वकिलामार्फत, स्पीड पोस्टाने, याच आठवड्यात. जुन्या कराराची मुदत संपलीय, ताबा द्या, एवढंच त्यात हवं. मधे त्याने पैसे पाठवले तर त्याच दिवशी लेखी कळवा, की ते हक्क राखून, वापराच्या भरपाईपोटी घेतले. भाडं हा शब्द नको. डिपॉझिटमधून थकबाकी वळती करायची का, ते करार बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

त्यानंतर अर्ज. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत त्याने शपथपत्रावर बचावाची परवानगी मागायची असते. न मागितल्यास तुमचं म्हणणं मान्य धरून ताब्याचा आदेश होतो. कागदावर छान वाटतं. पण आधी समन्स बजावलं जायला हवं, आणि बेलिफ गेला की दाराला कुलूप, शेजारी म्हणतात गावाला गेलेत. यात महिने जातात. तोवर वैतागून वीज-पाणी तोडू नका, कुलूपही बदलू नका. बेकायदा बाहेर काढलेल्याला सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागण्याचा दावा लावता येतो, आणि मग तुम्ही प्रतिवादीच्या बाकावर.

तो ठरावीक मुदतीच्या नव्या रजिस्टर्ड लिव्ह अँड लायसन्सवर सही करायला तयार असेल तर मात्र मान खाली घालून करून टाका. सहा महिन्यांचा चालेल. शेवटची तारीख स्पष्ट हवी.

इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही, हे तुम्ही पत्राच्या तळाशी ओझरतं लिहिलंय. ताब्याच्या अर्जाला त्याने सहसा अडथळा येत नाही. पण खरेदीखत नोंदवलं म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, तेव्हा ठाणे महापालिकेत चौकशी करा.

दुसऱ्या खोलीचा करार येत्या ३० तारखेला संपतोय म्हणता. हे उत्तर वाचून झालं की तिथे राहणाऱ्या मुलाला नव्या करारासाठी फोन लावा.