जेवताना आणि पाहुण्यांसमोर घरातल्यांचे मोबाईल बाजूला कसे ठेवायला लावायचे?

तुम्ही लिहिलंय की रात्री चौघं एकत्र जेवायला बसतात, पण प्रत्येकाची मान मोबाईलमध्ये. काही बोललं की "ऑफिसचा फोन येईल", "गावाकडे बाबांना बरं नाही" अशी उत्तरं मिळतात आणि वाद होतो. यातलं बाबांचं कारण खरं आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करा. तातडीचा फोन चुकणार नाही अशी सोय आधी लावली, की मोबाईल ताटाशेजारी ठेवायला सबब उरत नाही. नुसतं "बंद करा" म्हणालात तर दोन दिवस ऐकतील, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अँड्रॉइडवर सेटिंग उघडून शोधायच्या जागी 'डू नॉट डिस्टर्ब' लिहा, म्हणजे ठरल्या वेळी फोन गप्प ठेवणारी सोय. प्रत्येक कंपनीने ते निराळ्या कोपऱ्यात ठेवलंय, त्यामुळे शोधणंच सोपं. त्यात कॉलसाठी 'स्टार केलेले कॉन्टॅक्ट' निवडा, म्हणजे तेवढ्यांचेच फोन वाजतील, आणि चार-पाचच नंबरांना स्टार द्या: आईवडील, त्यांचे शेजारी, मुलांपैकी कोणी बाहेरगावी असेल तर ते. पंधरा जणांना स्टार दिलात तर सगळं मुसळ केरात. त्याखालीच 'रिपीट कॉलर्स' असतं, ते चालू ठेवा. एकाच नंबरावरून 15 मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजतो, म्हणजे हॉस्पिटलच्या अनोळखी नंबराचीही सोय झाली. आयफोनमध्ये हेच 'फोकस'मध्ये मिळतं, फक्त तिथे दुसरा कॉल तीन मिनिटांच्या आत यावा लागतो. वेळापत्रक रोज साडेआठ ते सव्वानऊ असं लावून टाका. हाताने चालू करायचं ठेवलं तर आठवड्यात विसरायला होतं.

मग गावाकडे एकदा नीट सांगून ठेवा: तातडीचं असेल तर साधा फोन करा, उचलला नाही तर लगेच पुन्हा लावा, व्हॉट्सॲप कॉल नको. व्हॉट्सॲप कॉलला ही सवलत प्रत्येक हँडसेटमध्ये मिळेलच असं नाही.

ऑफिसचं म्हणाल, तर ज्याची खरोखर ड्यूटी असते त्याने साहेबांचा एक नंबर स्टार करावा, अख्खा ग्रुप नव्हे. सोसायटी, शाळेचा वर्ग, नातेवाईक हे ग्रुप म्यूट करताना आठ तास, एक आठवडा आणि कायम असे तीन पर्याय येतात. कायमच निवडा. म्यूट केल्याचं ग्रुपमध्ये कोणाला कळत नाही, तेव्हा रुसवेफुगवेही नाहीत.

आता फोन ठेवायचा कुठे? टेबलावर पालथा घालून नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 300 हून जास्त लोकांना आपल्या माणसांबरोबर जेवायला बसवलं होतं. काहींचे फोन टेबलावर होते, काहींचे बाजूला ठेवलेले. टेबलावर फोन असलेल्यांचं लक्ष जास्त उडालं आणि जेवणातली मजाही थोडी कमी झाली. फरक फार मोठा नव्हता, पण फोन लांब ठेवायला खर्चही काही नाही. जेवणाच्या खोलीबाहेर चार्जिंगची जागा ठरवा आणि ज्याने त्याने स्वतःच नेऊन लावावा. टोपलीत सगळ्यांचे मोबाईल गोळा करण्याची टूम मला पटत नाही. कोणीतरी वसुलीला उभं राहतं, मुलांचे आधी जमा होतात आणि वडील "एकच मेसेज बघतोय" म्हणत बसतात. पहिले आठ दिवस मोठ्यांचे फोन आधी बाहेर जाऊ द्यात.

मनगटावरचं घड्याळ विसरू नका. फोन बाहेर असला तरी स्मार्टवॉच थरथरतं, माणूस मनगटाकडे बघतो आणि समोरच्याला वाटतं, हा आता कंटाळला. पाहुणे बसलेले असताना तर ते फारच वाईट दिसतं. फोनचा डू नॉट डिस्टर्ब घड्याळालाही लागू होतो का ते एकदा तपासा, नाहीतर काढून ठेवा.

आणखी एक चोरवाट म्हणजे "थांब, गूगल करून बघतो". आंब्याच्या भावावरून किंवा कुठल्याशा मॅचच्या स्कोअरवरून वाद रंगलेला असतो, एक जण शोधायला उठतो आणि दहा मिनिटं व्हॉट्सॲपमध्ये रमतो. जेवण होईपर्यंत शोधायचं नाही, एवढंच ठरवा. वाद तसाही उत्तरापेक्षा जास्त चवदार असतो.

पाहुण्यांसमोर फोन घ्यावाच लागला तर कारण सांगून उठा: "काका, बाबांचा फोन आहे, दोन मिनिटांत आलो." न सांगता स्क्रीनकडे बघत "हं, हं" करण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. लग्नाचे फोटो दाखवायला फोन हातात दिला की भाचे मंडळी पुढे सरकवत कुठेही पोचतात. त्यावर आयफोनमध्ये 'गाइडेड ॲक्सेस' आहे, अँड्रॉइडमध्ये 'ॲप पिनिंग'. त्यांनी निदान दुसरं ॲप उघडत नाही. फोटो मात्र सरकतातच, तेव्हा दाखवायचे तेवढे वेगळ्या अल्बममध्ये काढून घ्या.

वेळ मोजकी ठेवा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचे असा नियम गावाने केला. तिथेही मागणी दीडच तासाची आहे. तुमच्या घराला पाऊण तास पुष्कळ झाला.

परदेशातल्या मुलीचा व्हिडिओ कॉल या नियमात धरू नका. फोन तांब्याला टेकवून सगळ्यांनी मिळून बोलणं म्हणजे तिलाही पंगतीला बसवणं. फक्त वार ठरवा. रविवारी रात्री साडेआठ म्हणजे न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे अकरा. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की तिथे दहाच वाजलेले असतात, तेव्हा ती झोपेतून उठली असेल का ते आधी विचारून घ्या.