‘मुलगी फार हळवी आहे, साधी गंमतही सहन होत नाही’

ही तक्रार घेऊन बरेच पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. त्यातलंच हे एक कुटुंब. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी सहा वर्षांची, भाऊ अकराचा. घर हसतंखेळतं, बाबा नकला करण्यात पटाईत. पण काही महिन्यांपासून बाबांनी काही गमतीचं बोलायला सुरुवात केली, की मुलगी उठून आत जायची. रात्री आईला घट्ट धरून झोपायची. ‘‘उद्या शाळेत कोणी चिडवलं तर हिचं कसं व्हायचं?’’ बाबांची काळजी खरी होती.

मी तिला कागद आणि रंग दिले. तिने चार कान काढले. चेहरे नाहीत, नुसते कान.

‘‘हे बाबांचे, हे माझे. बघ ना ताई, खालची पाळी वेगळी आहे.’’ आणि मग अगदी हळू, ‘‘हॉस्पिटलात बाळं बदलतात का?’’

बाबांची लाडकी गंमत होती, ‘‘तू आमची नाहीसच, हॉस्पिटलात अदलाबदल झाली!’’ यावर भाऊ खो खो हसायचा, आईही हसायची. आणि ही रोज आरशासमोर उभी राहून कान तपासायची.

‘‘अहो, पण आधी तीही हसायची की!’’ बाबा म्हणाले. हसायचीच. सगळे हसले की मूल हसतं, विनोद कळो न कळो. बोलणाऱ्याच्या मनात शब्दांपेक्षा वेगळं काही असू शकतं, हे मुलांना पाचसहा वर्षांच्या आसपास उमगायला लागतं. पण ‘हे मुद्दाम, गमतीनं म्हटलंय’ ही समज पक्की व्हायला पुढची काही वर्षं जातात. अकरा वर्षांच्या भावाला जो विनोद होता, ती सहा वर्षांच्या मुलीसाठी बातमी होती. आणि बातमी देणारे कोण, तर बाबा! त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर?

बाबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘माझे वडीलही मला हेच म्हणायचे. मी एकदा आईला जाऊन विचारलंही होतं, खरं आहे का म्हणून.’’ इतकी वर्षं ते स्वतःच हे विसरून गेले होते.

मी त्यांना विनोद बंद करायला मुळीच सांगितलं नाही. घरातलं हसू आटलं तर मुलांचं फार नुकसान होतं. फक्त दोन-तीन गोष्टी बदलायला सांगितल्या. पहिली म्हणजे, मूल आपलं आहे की नाही, आपल्याला आवडतं की नाही, यावर गंमत नको. त्याऐवजी खरं काय ते मुलाला पक्कं ठाऊक असेल, अशा गोष्टीवर करा. दीड-दोन वर्षांचं मूल डोक्यावर बूट ठेवून हसतं ना, तेव्हा बूट पायात घालायचा असतो हे त्याला कळलेलं असतं. हसू तिथूनच येतं. पाठ झालेली गोष्ट बाबांनी चुकीची वाचावी आणि तिने ‘‘चुकलं!’’ म्हणून ओरडावं. इथे शहाणी ती असते. दुसरं, थांबवायचा एक शब्द तिनेच ठरवावा. तिने ‘पुरे’ हा शब्द ठरवला. तो उच्चारला की त्याच क्षणी थांबायचं, ‘एवढं काय मनाला लावून घेतेस’ हे शेपूट न जोडता. तो नियम भावालाही लागू.

आणि माफी मागायची ती सरळ. त्या रात्री बाबांनी तिच्या जन्माचे फोटो बाहेर काढले, ती कशी आली ते पहिल्यापासून सांगितलं आणि म्हणाले, ‘‘मी खोटं बोललो होतो. तू आमचीच आहेस.’’ तिने गोष्ट तीनदा सांगायला लावली. कानाचं मात्र तिने माझ्याकडून पुन्हा नीट समजून घेतलं: पाळी जुळली नाही तरी आईबाबा तेच असतात.

शेवटच्या भेटीत ती माझ्या खुर्चीजवळ आली, माझे दोन्ही कान निरखून पाहिले आणि गंभीरपणे जाहीर केलं, ‘‘ताई, तू आमच्या घरातली नाहीस.’’ मग वळून बाबांकडे पाहिलं, ते हसतायत की नाही ते.