सात दिवस, बारा ठिकाणं आणि एक दुपारची झोप

प्रश्न : मावशी, नमस्कार. आमची मुलगी २२ महिन्यांची आहे. जानेवारीत नवऱ्याला आठवड्याची सुटी मिळतेय. सासूबाईंना अंबाबाईची ओटी भरायचीय, नवस राहून गेलाय, त्यामुळे कोल्हापूर नक्की. एवढं जातोच आहोत तर आजूबाजूचंही बघू म्हणून नवऱ्याने एक्सेलमध्ये यादी केलीय : कोल्हापूर, जोतिबा, पन्हाळा, नरसोबाची वाडी, खिद्रापूर, कणेरी मठ, दाजीपूर, आंबोली, सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण, सिंधुदुर्ग किल्ला. सासूबाईंचे गुडघे दुखतात. मुलगी वरणभाताशिवाय कशाला तोंड लावत नाही आणि दुपारी झोपली नाही तर संध्याकाळी घर डोक्यावर घेते. आपली गाडी न्यावी की रेल्वेने जावं? स्ट्रोलर घ्यावा का? यादीतलं काय गाळावं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुझ्या नवऱ्याची यादी दोनदा वाचली. अंतरं आहेत, वेळा आहेत, पेट्रोलचा हिशेबसुद्धा असेल. फक्त त्या एक्सेलमध्ये दुपारी एक ते तीनचा रकाना दिसला नाही. तो आधी घाल आणि त्यात मुलीचं नाव लिही. मग बाकीची ठिकाणं उरलेल्या जागेत बसतात का ते बघ. बारातली सहा बसतील.

माझं माहेर कोल्हापूरचं, शिवाजी पेठेतलं. तिथलं काही गाळ म्हणून सांगताना माझाच जीव तुटतो. पण गेल्या वर्षी जानेवारीत लेक, जावई आणि दोन वर्षांचा नातू यांच्याबरोबर जवळपास हीच सहल केली, तेव्हा अक्कल आली. ती तुला फुकट देते.

गाडी नेऊ नका. जानेवारी म्हणजे उसाचा हंगाम. कराडच्या पुढे महामार्गावर आणि त्याहून जास्त आतल्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या दोन-दोन जोडून डुलत चाललेल्या असतात. त्यांच्या मागे अडकलं की मागच्या सीटवर रडारड. महालक्ष्मी एक्स्प्रेस तुम्हाला कल्याणलाच मिळते, रात्रीची गाडी आहे, मुलगी झोपेतच कोल्हापूर गाठेल. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळीच बसा. सासूबाईंचं वय नीट भरा, खालचा बर्थ मिळण्याची शक्यता वाढते. शनिवारी रात्री निघा.

आता पहिला खड्डा. गाडी पोहोचते सकाळी सात-साडेसातला आणि खोली मिळते बाराला. आम्ही हे फोनवर विचारलंच नव्हतं. एका लॉजच्या काउंटरसमोर साडेतीन तास बसलो. नातू बॅगेवर झोपला, जावई तीनदा चहा पिऊन आला आणि लेकीने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की कोल्हापूर जणू मीच वसवलंय. तेव्हा बुकिंग करतानाच सकाळी सातला खोली हवी म्हणून लिहून घ्या. नाही म्हणाले तर आदल्या रात्रीचं भाडं भरून टाका. सहलीतला सगळ्यात वसूल होणारा खर्च तो. खोली तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या ठिकाणी घ्या, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. कोल्हापुरात चार रात्री एकाच खोलीत. रोज नवीन छत बघितलं की या वयाची मुलं रात्री बिथरतात.

रविवारी काही करू नका. खरंच काही नाही. अंघोळ, वरणभात, झोप. संध्याकाळी रंकाळा तलावावर. तिथे रविवारी जत्रा भरल्यागत गर्दी असते, पण जागा मोकळी आहे. तुमचा स्ट्रोलर या अख्ख्या सहलीत फक्त इथे चालेल. एवढ्यासाठी तो वाहून न्यायचा का ते तुम्ही ठरवा. आम्ही नेला होता. चार दिवस त्यात ओल्या चड्ड्या वाळत घातल्या. पोटाशी बांधायचं बेबी कॅरिअर मात्र न्या.

सोमवारी सकाळी लवकर अंबाबाई. मंगळवार आणि शुक्रवार देवीचे वार, रांग मोठी. महिनाअखेर असेल तर ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी हा किरणोत्सवाचा काळ टाळा. मावळतीची किरणं थेट मूर्तीवर येतात ते बघायला संध्याकाळी सगळं गाव लोटतं. नवरा आणि सासूबाई ओटी घेऊन मुख्य रांगेत, तू मुलीला घेऊन मुखदर्शनाच्या रांगेत, अशी विभागणी करा. ती रांग लवकर सरकते. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि जानेवारीत पहाटे दगडी फरशी गारठलेली असते, मुलीला जाड मोजे घाल. दर्शन झालं की आवारातली दगडी कोरीव कामं बघत बसायचा मोह होईल. तो सासूबाईंना करू दे. मुलगी कबुतरांच्या मागे धावेल, तू तिच्या मागे.

मंगळवारी पन्हाळा. शहरापासून २० किलोमीटर, आणि लहान मूल असलेल्यांसाठी महाराष्ट्रात याच्याइतका सोयीचा किल्ला क्वचितच असेल, कारण गाडी थेट आत जाते. २०२५ साली मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात हाही आहे. अंबरखान्याची धान्याची कोठारं बघा. एवढाल्या थंडगार दालनात मुलगी एकदा ओरडली की प्रतिध्वनी येतो आणि मग तिथून ती निघत नाही. तीन दरवाजाही बघून होईल. अंधारबाव ही विहीर पायऱ्यांमुळे सासूबाईंना नको, कड्यावरच्या सज्जाकोठीच्या वरच्या बाजूला मुलीला खाली सोडू नका. वारा बोचरा असतो, कान झाकणारी टोपी हवीच. गडावर बायका झुणका-भाकर आणि मडक्यातलं दही घेऊन बसतात. झुणका तुम्हाला, दही-भाकरी कुस्करून मुलीला. वरणभाताच्या पलीकडे जग असल्याचं तिला तिथे कळलं तर कळलं. जोतिबा त्याच दिशेला आहे, पण गाळ. सगळीकडे गुलाल उधळलेला असतो. आपल्याला तो प्रसाद, मुलांच्या डोळ्यांत मात्र चुरचुरतो.

जेवणाबद्दल एक सांगून ठेवते. हॉटेलातला पोऱ्या ‘पांढरा रस्सा तिखट नसतो, पोरांना चालतो’ म्हणेल. पांढरा रस्सा फक्त रंगाने गोरा. नातवाने एक चमचा घेतला आणि पाणी पाणी करत टेबलाखाली गेला. तेव्हा छोटा इलेक्ट्रिक कुकर बरोबर न्या, धुतलेले आणि वाळवलेले डाळ-तांदूळ पुड्यांत बांधून न्या, मेतकूट, घरचं तूप. खोलीवर अर्ध्या तासात मऊ खिचडी होते. कुकर चालवू देतात का ते बुकिंगच्या वेळीच विचारा.

आणि गंगावेशीतलं दूध. संध्याकाळी तिथे म्हशी उभ्या असतात, गवळी तुमच्या डोळ्यांदेखत धार काढतो आणि फेसाळलेला पेला हातात देतो. तुझ्या नवऱ्याला पाज. मुलीला म्हैस दाखव, दूध नको. धारोष्ण म्हणजे न उकळलेलं, आणि न उकळलेलं दूध एवढ्या लहान पोटाला देऊ नये. माझ्या आईने आम्हाला दिलं होतं, हे मलाही माहीत आहे.

बुधवारी सकाळी कणेरी मठ. तिथे गावगाड्याचं संग्रहालय आहे : न्हावी, कुंभार, वैदू, नांगरणारा शेतकरी, सगळे माणसाएवढे पुतळे. चालायला बरंच आहे, सासूबाईंना जमेल तेवढं. नातू पहिल्याच सिमेंटच्या बैलाशी थांबला. खालचं गवत उपटून त्याच्या तोंडाशी धरलं. बैल खाईना. मग दुसरं गवत. मग जावयाकडून बिस्कीट. पाऊण तास आम्ही त्या एका बैलापाशी होतो, पुढचं संग्रहालय मी अजून पाहिलेलं नाही.

येताना वाटेत एखादं गुऱ्हाळ लागलं तर थांबा. यादीत नसलेली ही गोष्ट मी घालतेय, कारण कोल्हापूरचा जानेवारी म्हणजे गुऱ्हाळाचा वास. चुलवाणात उसाची चिपाडं धडधडत असतात, वर भलीमोठी काहील, रस उकळून तांबूस झालेला. गुळव्या त्यातला थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळते का बघतो. वळली की हाक देतो आणि चार-पाच जण मिळून काहील उचलून वाफ्यात रिकामी करतात. त्या क्षणी मूल कडेवरच हवं, आणि तेही दहा पावलं मागे. गरम पाकासारखं भाजणारं दुसरं काही नाही, आणि तिथे जमीन निसरडी असते. आम्ही अंगणात बाजेवर बसलो, नातवाला वाटीत कोमट काकवी आणि भाकरीचा तुकडा मिळाला. संध्याकाळपर्यंत त्याच्या कोपरापर्यंत मुंग्या येत होत्या.

नरसोबाची वाडी आणि खिद्रापूर पूर्वेला, कोकण पश्चिमेला. दोन्ही धरलं तर एक दिवस नुसता गाडीत जाईल. खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ, त्याच्या पायाशी कोरलेली हत्तींची रांग, स्वर्गमंडपाच्या गोल मोकळ्या छतातून उतरणारा उजेड, हे सगळं मुलगी पाच-सहा वर्षांची होऊन हत्ती मोजायला लागेल तेव्हा. दाजीपूरच्या कच्च्या वाटांवर गवे शोधत फिरणंही तेव्हाच. सिंधुदुर्ग किल्ला बोटीने, तिच्या मापाचं लाइफ जॅकेट मिळेलच असं नाही, म्हणून तोही तेव्हाच. मालवण गाळ, वेंगुर्ला ठेव.

गुरुवारी भाड्याच्या गाडीने वेंगुर्ला, गडहिंग्लज-आजरा-आंबोली-सावंतवाडी मार्गे. मुलीला पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसू नका, चालक कितीही ‘बसा की ताई’ म्हणाला तरी. तुमच्याकडे मुलांची सीट असेल तर ती न्या, स्ट्रोलरपेक्षा तिचा उपयोग जास्त. अकराच्या सुमारास निघालात तर ती आजऱ्यापर्यंत झोपेल. आंबोलीला उतरा, पाय मोकळे करा, पण तिला पोटभर काही देऊ नका. आम्ही शहाण्यांनी तिथे केळं आणि दूध दिलं आणि घाट उतरायला लागलो. तिसऱ्या वळणावर सगळं जावयाच्या शर्टावर. घाट संपल्यावर खायला द्या. गाडी लागण्याचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नको. निघायच्या आधी मुलांच्या डॉक्टरांना भेट, वजनानुसार तापाच्या औषधाचं माप कागदावर लिहून घे, ओआरएसची पाकिटं आणि थर्मामीटर हातातल्या पिशवीत ठेव, सामानात नको.

वेंगुर्ल्यात दोन रात्री, घरगुती मुक्काम बघा. सकाळी उकड्या तांदळाची पेज मागा, वर खवलेलं खोबरं आणि मिठाचा कण. नातू पाच दिवस कसाबसा जेवत होता, पेज दोन वाट्या प्यायला. समुद्रावर दहाच्या आत आणि साडेचारनंतर, भरती-ओहोटी घरमालकाला विचारून. दुपारी पडवीत सगळेच झोपा. बाकी इथे सांगण्यासारखं काही नाही, वाळू असली की या वयाला कार्यक्रम लागत नाही.

शनिवारी दुपारी सावंतवाडी. चितारआळीत लाकडी खेळणी मिळतात, रंगीत फळं आणि भाज्या तर पाहण्यासारख्या. मुलीच्या मुठीपेक्षा मोठंच खेळणं घ्या, बारीक मिरच्या-लिंबं थेट तोंडात जातात. संध्याकाळची तुतारी एक्स्प्रेस सावंतवाडीहूनच सुटते, त्यामुळे घाई न करता चढता येतं, आणि रविवारी सकाळी तुम्ही ठाण्याला. स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षा आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : आम्ही नागपूरला असतो. मुलगा दीड वर्षाचा. कोल्हापूर आणि आंबोली जुलैत करावं असं मनात आहे, धबधबे बघायला. जाऊ का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नको. आंबोलीत जुलैच्या शनिवार-रविवारी धबधब्याखाली माणसंच माणसं आणि घाटात धुकं. पंचगंगेला पूर आला की सगळंच अडकतं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत कोल्हापूरजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि काही दिवस बंदच होता. दीड वर्षाचं मूल आणि बाटलीतलं संपत आलेलं दूध घेऊन असं अडकायचं नाही. डिसेंबरात या. महाराष्ट्र एक्स्प्रेस नागपूरहून थेट कोल्हापूरला येते, पण एक अख्खा दिवस-रात्र घेते. पुण्यात कुणी नातेवाईक असतील तर तिथे उतरून एक रात्र काढा, पुढचा टप्पा दुसऱ्या दिवशी. आणि हो, खोली सकाळी किती वाजता मिळते ते विचारून या.