पार्किंग ब्रेकचं मॉड्यूल बोलत नाही असा कोड आलाय, मॉड्यूल बदलू का?

भाऊ, प्रश्न पूर्ण वाचला. मीटरवर पार्किंग ब्रेकचा पिवळा दिवा, बटण ओढलं की कधी मागून घुर्र आवाज येऊन ब्रेक लागतो कधी काहीच होत नाही, स्कॅनरवर यू ०१२८ हा कोड आणि गॅरेजवाला म्हणतोय मॉड्यूल (पार्किंग ब्रेक चालवणारा छोटा कॉम्प्युटर) गेलं, नवीन टाकावं लागेल. माझं ऐकाल तर आत्ता मॉड्यूलची ऑर्डर अजिबात देऊ नका.

मी इथे नाशिकला अंबडच्या बाजूला ऑटो इलेक्ट्रिकलचंच काम करतो, आणि ह्या कोडवर चांगलं मॉड्यूल उगाच बदललेली गाडी आली की मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या माणसाचे पैसे गेलेले असतात आणि फॉल्ट जागच्या जागी असतो. यू ०१२८ चा अर्थ एवढाच की गाडीतल्या बाकीच्या मॉड्यूलना पार्किंग ब्रेकच्या मॉड्यूलचा आवाज ऐकू येत नाहीये. वर्गात हजेरी घेताना एक पोरगा 'हजर' बोलला नाही तर तो आजारीच आहे असं नसतं ना, कदाचित बिचारा दाराबाहेर अडकला असेल. तसंच मॉड्यूलला करंट मिळत नसेल, अर्थ (बॉडीतून बॅटरीच्या मायनसला जाणारी परतीची जोडणी) मिळत नसेल किंवा कॅनच्या, म्हणजे ज्यांवरून मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या, दोन वायरींपैकी एक तुटली असेल, तिन्हीत कोड हाच येणार.

गेल्या पावसाळ्यात एक गाडी आली, त्र्यंबकेश्वरला जाऊन आल्यापासून हाच त्रास. दुसऱ्या गॅरेजमध्ये मॉड्यूलच्या कपलरवर (वायरींच्या जोडावर) मल्टीमीटर लावून बघितलेलं, १२.३ व्होल्ट आले, म्हणजे सप्लाय ओके म्हणजे मॉड्यूल खराब, असा हिशोब झाला. मी डिकीचं साईडचं कव्हर काढलं, कपलर सोडवला आणि सप्लायची पिन आणि अर्थची पिन ह्यांच्यामध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावला. बल्ब कसाबसा तांबूस पेटला आणि त्याच पिनांवर मीटर ७.८ वर आलं. मग बल्ब पेटता ठेवूनच मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी मॉड्यूलच्या अर्थच्या पिनला, तर ४.४ व्होल्ट! तिथे ०.१, फार तर ०.२ यायला पाहिजे. म्हणजे सगळा घोळ अर्थमध्ये. कार्पेट उचललं तर खाली ओल, टेललॅम्पच्या रबरातून पाणी झिरपत होतं, आणि बॉडीला लावलेल्या अर्थच्या लगवर (वायरीच्या टोकाच्या रिंगवर) हिरवं कीट इतकं चढलेलं की नट दिसत नव्हता. पॉलिश पेपरने घासून बॉडीचा पत्रा चकचकीत केला, नवीन लग टाकला, वरून ग्रीस, टेललॅम्पचं रबर बदललं, झालं काम. मॉड्यूल तेच आहे अजून.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या. मॉड्यूल नुसतं जागं असताना करंट फार थोडा घेतं, त्यामुळे खराब अर्थवरही चालून जातं, पण बटण ओढलं आणि कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) मोटरी फिरायला लागल्या की ओढ एकदम दहा-पंधरा अँपिअरवर जाते, व्होल्टेज कोसळतं, मॉड्यूल बंद पडून पुन्हा चालू होतं आणि तेवढ्या वेळात बाकीची मॉड्यूल कोड टाकून मोकळी होतात. तुमच्याकडे कधी लागतो कधी नाही असं होतंय म्हणून मला पहिला संशय इथेच आहे. बिनलोडच्या, म्हणजे वायरीवर काही न चालवता घेतलेल्या, मीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, बल्ब लावूनच बघायला सांगा.

पण त्याच्याही आधी बॅटरी. इंजिन बंद ठेवून काही तास उभी राहिलेल्या गाडीची १२.६ च्या आसपास पाहिजे आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको. बॅटरी कमजोर असेल तर असे कोड ढिगाने येतात. मग स्कॅनरने फक्त ब्रेकचं नाही तर सगळ्या गाडीचं स्कॅन करा. फक्त पार्किंग ब्रेकच उत्तर देत नसेल तर त्याचा फ्यूज, सप्लाय, अर्थ आणि त्याच्याकडे जाणाऱ्या वायरी बघायच्या, पाच-सहा मॉड्यूल एकदम गप्प असतील तर मेन लाईनमध्ये गडबड आहे. बऱ्याच नवीन गाड्यांत पार्किंग ब्रेकचं वेगळं मॉड्यूल नसतंच, ते एबीएसच्या (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या सिस्टीमच्या) मॉड्यूलच्या आतच असतं, तर तुमच्या गाडीत कुठे आहे ते वायरिंग डायग्राममध्ये बघून घ्या.

कॅनची वायर तपासायची तर बॅटरीचा मायनस काढा, थोडा वेळ थांबा, आणि ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतात त्याच्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये ओहम मोजा. लाईनच्या दोन टोकांना १२० चे दोन रेझिस्टर असतात म्हणून मिळून ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याच्या जवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. ज्या गाड्यांत मध्ये गेटवे (सॉकेट आणि मागची लाईन ह्यांच्यामधलं निरोप पोचवणारं मॉड्यूल) असतो त्यांत सॉकेटवर ६० दिसले तरी मागची लाईन कळत नाही, तिथे मॉड्यूलच्या कपलरवरच मोजावं लागतं. आणि आपल्याकडे द्राक्षबागांच्या कडेला किंवा शेतात गाडी उभी राहत असेल तर उंदरांचा विचार आधी करा, मी कुरतडलेल्या कितीतरी वायरी जोडल्यात. जोडताना त्या दोन वायरींचा पीळ तसाच ठेवायचा, सरळ सोडल्या तर बाहेरचा डिस्टर्बन्स येतो.

सप्लाय आणि अर्थ लोडवर बरोबर आले, कॅनचे ओहम पण बरोबर आले आणि तरी मॉड्यूल उत्तर देत नाही, मगच ते खराब म्हणा. तेव्हाही नवीन मॉड्यूल नुसतं बसवून चालत नाही, गाडीला कोडिंग आणि कॅलिब्रेशन करावं लागतं, जुन्या बाजारातून आणलेलं तर बऱ्याचदा चालतच नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हे काम होईपर्यंत वणीच्या गडावर किंवा कसारा घाटात कुठे थांबलात तर गाडी गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये, आणि चाकाला दगड लावल्याशिवाय उतरू नका. मागचे ब्रेक पॅड कोणी बदलणार असेल तर स्कॅनरने आधी सर्व्हिस मोड टाकायला लावा, कॅलिपरची मोटर अचानक फिरली तर बोट सापडतं, माझ्या डोळ्यासमोर एका पोराचं नख गेलंय.

बल्ब लावून आलेलं व्होल्टेज आणि ओहमचा आकडा इथेच लिहा, गाडीचं मॉडेल आणि वर्ष पण, मी बघून सांगतो पुढचं.