टाळेबंदी, संचारबंदी, निर्बंध: कोणता शब्द कशासाठी?

करोनाकाळातील धोरणांवर झालेल्या एका परिसंवादाचा वृत्तान्त लिहीत असलेल्या एका वाचकांनी विचारले आहे की ‘लॉकडाऊन’साठी ‘टाळेबंदी’ हा शब्द बरोबर आहे, की ‘संचारबंदी’ म्हणावे. त्यांची अडचण अशी आहे की परिसंवादातील एका वक्त्याने ‘ती टाळेबंदी नव्हतीच, केवळ निर्बंध होते’ असे म्हटले, दुसऱ्याने ‘तुम्ही माणसांना कोंडून ठेवलेत आणि वर लसही सक्तीने टोचलीत’ असे उत्तर दिले, आणि वृत्तान्त लिहिताना यांतले कोणते शब्द स्वतःचे म्हणून वापरावेत हे त्यांना ठरवता येईना. जाता जाता त्यांनी ‘लसीचा’ की ‘लशीचा’ हेही विचारले आहे.

‘टाळेबंदी’ हा शब्द आता या अर्थाने रुळला आहे आणि त्याला चूक ठरवण्यात अर्थ नाही. परंतु तो ज्या अर्थाने जन्माला आला तो अर्थ या वापराच्या जवळजवळ उलट आहे, आणि ही उलटापालट लक्षात न घेतल्यामुळे आपल्या सार्वजनिक वादात बराच गोंधळ झाला, असे माझे मत आहे.

२०२०पूर्वी मराठीत ‘टाळेबंदी’ हा शब्द बहुधा ‘संप’ या शब्दाच्या सोबतीने येत असे. कामगार काम थांबवतात तो संप आणि मालक काम थांबवतो ती टाळेबंदी. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात याची व्याख्या होती: कामाची जागा मालकाने तात्पुरती बंद करणे, काम स्थगित करणे किंवा कामगारांना कामावर ठेवण्यास नकार देणे. चित्र डोळ्यांपुढे आणावे. कारखान्याच्या फाटकाला बाहेरून टाळे लागले आहे, शेजारी एक सूचनापत्र चिकटवले आहे, आणि सकाळच्या पाळीला आलेला कामगार डबा हातात धरून ते वाचत रस्त्यावर उभा आहे. टाळे कोणी लावले हे त्याला ठाऊक आहे, किल्ली कोणाकडे आहे हेही ठाऊक आहे, आणि तो आत नसून बाहेर आहे. महासाथीतील टाळेबंदीत नेमके हेच फिरले. माणूस आत राहिला आणि त्याच्या दाराला टाळे नव्हतेच. कडी त्याने स्वतःच आतून लावली होती. टाळे लागले ते शाळांना, कार्यालयांना, नाट्यगृहांना.

इंग्रजीतही कारखान्याच्या टाळेबंदीला ‘लॉकआऊट’ असा वेगळाच शब्द आहे. ‘लॉकडाऊन’ हा त्या भाषेत आधी तुरुंगातला शब्द होता. १९७०च्या दशकात अमेरिकेत तुरुंगातील दंगलीनंतर कैद्यांना आपापल्या कोठड्यांत बंद करण्याला तो वापरला जाऊ लागला, पुढे गोळीबाराच्या वेळी शाळांचे दरवाजे लावून घेण्यासाठी आला, आणि २०२०मध्ये कॉलिन्स शब्दकोशाने त्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडले. म्हणजे इंग्रजीने कैद्याचा शब्द नागरिकाला लावला आणि मराठीने बाहेर काढलेल्या कामगाराचा शब्द आत बसवलेल्या माणसाला लावला. दुसऱ्या वक्त्याच्या ‘कोंडून ठेवलेत’मध्ये इंग्रजी शब्दाची ती कोठडी ऐकू येते; ‘टाळेबंदी’ या मराठी शब्दात ती मुळात नाही.

आता ‘बंदी’कडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. हा घटक फारसीतल्या ‘बांधणे, बंद करणे’ या अर्थाच्या धातूकडून आला आणि मराठीत त्याने निरनिराळी कामे पत्करली. ‘दारूबंदी’, ‘जमावबंदी’, ‘संचारबंदी’ या शब्दांत पहिले पद म्हणजे ज्याला मनाई आहे ती गोष्ट. ‘नाकेबंदी’ आणि ‘नसबंदी’ यांत पहिले पद म्हणजे जे बंद केले जाते ते. ‘तटबंदी’त मनाई मुळीच नाही, तट बांधून केलेली रचना आहे. ‘गावबंदी’ आणि ‘जिल्हाबंदी’ यांत पहिले पद हे ठिकाण आहे आणि मनाई आहे ती तिथे शिरण्याला. ‘युद्धबंदी’ हा शब्द तर कोणी युद्ध थांबवण्यासाठी वापरतो, कोणी पकडलेल्या सैनिकासाठी; दुसऱ्या अर्थातला ‘बंदी’ म्हणजे कैदी. या रांगेत ‘टाळेबंदी’ कुठे बसते? टाळ्याला मनाई नाही आणि टाळे बंद करणे हाही हेतू नाही. टाळे हे साधन आहे, त्याच्या योगाने काहीतरी बंद केले आहे. काय बंद केले, हे हा शब्द सांगत नाही. ‘संचारबंदी’ आणि ‘जमावबंदी’ सांगतात. माझ्या मते या तीन शब्दांतील सर्वांत मोठा फरक हाच आहे.

म्हणूनच हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. जमावबंदीत ठरावीक संख्येहून अधिक लोकांनी एकत्र येण्यास मनाई असते. एकट्या माणसाने रस्त्याने जाण्यास नसते. संचारबंदीत ठरावीक वेळी घराबाहेर पडण्यासच मनाई असते, मग माणूस एकटा असो वा नसो. टाळेबंदीत आस्थापना, शाळा, वाहतूक यांचे व्यवहार बंद केले जातात आणि त्यातून लोकांचे फिरणे आपोआप आटते. तिन्ही एकाच वेळी लागू असू शकतात, आणि २०२०च्या मार्च-एप्रिलमध्ये भारतासह अनेक देशांत तशा होत्याही, त्यामुळे त्यांच्या नावांची सरमिसळ झाली हे समजण्यासारखे आहे. पण फ्रान्सचे उदाहरण पाहावे. तिथे १७ मार्च २०२०पासून जे लागू झाले त्याला ‘बंदिस्त राहणे’ या अर्थाचा शब्द होता, आणि ऑक्टोबरमध्ये पॅरिस परिसरात रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंत जे लागू झाले त्याला संचारबंदीचा, मूळ ‘विस्तव झाका’ या अर्थाचा, जुना शब्द होता. त्याच महिन्याच्या अखेरीस पहिला प्रकार पुन्हा आला तेव्हा पहिला शब्दही परत आला, आणि आपल्याला रात्रीपुरते थांबवले आहे की दिवसभर, हे तिथल्या वाचकाला मथळ्यातूनच कळले. आपण मात्र ‘टाळेबंदीच्या काळात दुकाने दुपारपर्यंत उघडी राहतील’ अशी वाक्ये सहज लिहीत होतो. त्या काळात मुद्रिते तपासताना अशा वाक्यावर माझी पेन्सिल कितीदा तरी अडली. टाळे आहे आणि दुकान उघडे आहे! तिथे ‘निर्बंधांच्या काळात’ लिहिले की वाक्य सरळ होत असे.

‘निर्बंध’ हा पहिल्या वक्त्याचा शब्द, आणि तो पळवाट म्हणून बाजूला सारण्यासारखा नाही. बंदी म्हणजे मनाई. निर्बंध म्हणजे मर्यादा. दहा वाजेपर्यंतच दुकान उघडे ठेवा हा निर्बंध, उघडूच नका ही बंदी. हा फरक किती मोलाचा आहे ते स्पेनमध्ये दिसले. मार्च २०२०मध्ये तिथे आणीबाणीच्या तीन प्रकारांपैकी सर्वांत सौम्य प्रकाराखाली लोकांना घरात राहण्याचा आदेश निघाला होता. १४ जुलै २०२१ रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सहा विरुद्ध पाच अशा मतांनी निर्णय दिला की या आदेशाने संचाराचा हक्क केवळ मर्यादित झाला नव्हता, तर तो प्रत्यक्षात स्थगित झाला होता, आणि स्थगितीसाठी अधिक कडक प्रकारची, संसदेच्या पूर्वसंमतीची आणीबाणी लागली असती. सगळा वाद ‘मर्यादा’ आणि ‘स्थगिती’ या दोन शब्दांमधल्या अंतराचा होता, आणि अकरा न्यायाधीश त्यावर जवळजवळ समसमान विभागले गेले.

महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२१मध्ये ‘ब्रेक द चेन’ या नावाने आदेश काढले तेव्हा ‘निर्बंध’ हाच शब्द पुढे होता, आणि ‘नाव निर्बंधांचे, काम टाळेबंदीचे’ ही तक्रारही लगेच सुरू झाली. अशा तक्रारीला शब्दकोश उत्तर देऊ शकत नाही. आदेशात काय बंद होते आणि काय मर्यादित होते हे एकेक करून पाहावे लागते. ‘टाळेबंदी’ या मोठ्या शब्दाने दोन्ही बाजूंना ते पाहण्यापासून मोकळीक दिली. स्वीडनविषयीची चर्चा याच कारणाने भरकटली. ‘स्वीडनमध्ये टाळेबंदी नव्हती’ हे विधान खरे आहे, परंतु ‘तिथे काहीच बंद नव्हते’ हे खरे नाही: मार्च २०२०च्या अखेरीस तिथे पन्नासहून अधिक लोकांनी एकत्र येण्यास मनाई झाली आणि १ एप्रिलपासून वृद्धाश्रमांतील भेटी बंद झाल्या, तर लहान मुलांच्या शाळा चालू राहिल्या. मराठीत याला ‘जमावबंदी होती, भेटबंदी होती, टाळेबंदी नव्हती’ असे नेमके म्हणता येते. एवढे नेमके म्हटले असते तर स्वीडनचे नाव घेऊन भांडणाऱ्या कितीतरी लोकांना आपण एकाच गोष्टीबद्दल बोलत नाही हे कळले असते.

लशीकडे वळण्यापूर्वी तिचे रूप निकालात काढू. ‘लशीचा’ हे रूप मराठीच्या स्वभावाला धरून आहे. शेवटच्या ‘स’पुढे ‘ई’ आली की तो ‘श’ होतो: म्हैस–म्हशीला, घूस–घुशीने, कूस–कुशीत, मूस–मुशीत. त्या न्यायाने लस–लशीचा, आणि अनेकवचन ‘लशी’. ‘लसीचा’ हे रूप छापील मजकुरात खूप फैलावले आहे. मला ते टोचते, पण त्यामुळे अर्थ बिघडत नाही आणि मी त्यावरून कोणाशी भांडणार नाही. ‘लसीकरण’मध्ये मात्र ‘स’च हवा, कारण तिथे ‘लशी’ हे सामान्यरूप नसून मूळ शब्दाला ‘ईकरण’ जोडले आहे. काहींचा आक्षेप असतो की ‘शुद्धीकरण’ म्हणजे अशुद्धाला शुद्ध करणे, मग ‘लसीकरण’ म्हणजे माणसाला लस करणे होईल. संस्कृताच्या हिशेबाने आक्षेप बरोबर आहे, मराठीच्या नाही. रस्त्याचे डांबरीकरण होते तेव्हा रस्ता डांबर होत नाही.

‘लस’ हा शब्दही फार चांगला आहे. जखम चिघळली की तिच्यातून येणाऱ्या पातळ, चिकट द्रवाला आपण लस म्हणतो. एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टरांनी १४ मे १७९६ रोजी गवळणीच्या हातावरच्या, गोस्तन देवी या गाईंच्या रोगाच्या फोडातील द्रव आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर घातला, तो द्रव शब्दशः लस होता. इंग्रजी ‘व्हॅक्सीन’ या शब्दात गाईचे लॅटिन नाव राहिले, मराठीत फोडातला द्रव राहिला.

आता ‘सक्तीने टोचलीत’. इथे क्रियापद आणि क्रियाविशेषण दोन्ही तपासण्यासारखी आहेत. मराठीत ‘लस दिली’, ‘लस टोचली’, ‘लस घेतली’ आणि ‘लस टोचून घेतली’ असे चार प्रयोग आहेत. पहिल्या दोहोंत कर्ता देणारा आहे, पुढच्या दोहोंत घेणारा. ‘टोचून घेतली’मधल्या ‘घेणे’ या सहायक क्रियापदाने ज्याच्या दंडात सुई गेली त्याची इच्छा नोंदवली जाते. सरकारी कागदांत याऐवजी ‘लाभार्थ्यांचे लसीकरण झाले’ असे असे. त्यात देणाराही नाही, घेणाराही नाही, आणि लाभ झाला हे आधीच ठरलेले आहे. लशीच्या उपयोगाविषयी माझ्या मनात शंका नाही, तरीही संमतीचा प्रश्न जिथे चर्चेत आहे तिथे हे वाक्य पुरेसे नाही.

‘सक्ती’ आणि ‘अट’ यांतही असाच फरक आहे. नाही म्हटल्यास शिक्षा होते ती सक्ती. नाही म्हटल्यास एखादी गोष्ट मिळत नाही ती अट. ऑस्ट्रियामध्ये फेब्रुवारी २०२२मध्ये प्रौढांसाठी लस बंधनकारक करणारा, दंडाची तरतूद असलेला कायदा लागू झाला. ती सक्ती होती, जरी मार्चमध्येच कायदा स्थगित आणि नंतर रद्द झाला तरी. प्रवासासाठी किंवा कार्यालयात येण्यासाठी प्रमाणपत्र मागणे ही अट होती. मात्र अट इतकी जाचक असू शकते की ती सक्तीच्या शेजारी जाऊन बसते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी कोणावरही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगितले, सार्वजनिक आरोग्यासाठी अटी घालण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला, आणि त्याच वेळी लस न घेतलेल्यांवर तेव्हा असलेल्या अटी परिस्थितीच्या प्रमाणात नाहीत असेही म्हटले. एकाच निकालात दोन्ही कल्पना वेगळ्या ठेवून तपासल्या गेल्या आहेत.

तेव्हा वृत्तान्तात दोन्ही वक्त्यांची वाक्ये अवतरणचिन्हांत जशीच्या तशी ठेवावीत. ‘कोंडून ठेवलेत’ आणि ‘टोचलीत’ हे त्यांचे शब्द आहेत आणि ते सौम्य करण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या स्वतःच्या निवेदनात, एकूण काळाचा उल्लेख असेल तिथे ‘टाळेबंदी’ किंवा ‘लॉकडाऊन’ बिनदिक्कत लिहावे, विशिष्ट आदेशाचा उल्लेख असेल तिथे तो आदेश काढून पाहावा आणि त्यात जे बंद होते त्याच्या नावानेच बंदी लिहावी, आणि लशीबद्दल लिहिताना वाक्याचा कर्ता कोण आहे ते एकदा बोटाने दाखवता येते का, हे छपाईला देण्याआधी पाहून घ्यावे.