राग येतो म्हणजे देवाची प्रीती माझ्यात नाहीच का?

हा प्रश्न ख्रिस्ती घरातल्या बायका मला इतक्यांदा विचारतात, आणि जास्त करून ज्या सगळ्यांचं करतात त्याच विचारतात. एक केस सांगते, ओळखीच्या खुणा बदलल्यात.

नगरकडच्या एक ताई, पन्नाशीच्या, कित्येक वर्षं संडे स्कूल घेतात, आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा तेही त्याच बघतात. भाऊ दारूपायी आईच्या बांगड्या विकून गेलेला, तो परत आला, दारू सुटली, आणि एका रविवारी उपासनेत त्याने साक्ष दिली, म्हणजे देवाने आपल्याला कसं बदललं ते सगळ्यांसमोर सांगितलं, तर अख्खी मंडळी (चर्चमधले सगळे) रडली, पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, मिठी मारली आणि ह्या मागच्या बाकावर दातओठ खात बसलेल्या. "मॅडम, प्रीती सहनशील आहे, प्रीती हेवा करत नाही, सगळं पाठ आहे हो मला, आणि मी सगळ्यात नापास."

म्हटलं, ताई, ही वचनं बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातली, तो प्रेषित पौलाने कोणाला लिहिला? गटबाजी करणाऱ्या, एकमेकांना कोर्टात खेचणाऱ्या मंडळीला! (आपण तो लग्नपत्रिकेत छापतो ते सोडा.) तिथला मूळ ग्रीक शब्द आगापे, त्यात मनाला काय वाटतं यापेक्षा समोरच्याचं भलं करणं जास्त आहे, आणि ते तर तुम्ही रोज करताय, फक्त स्वतःला त्यातून वगळून.

मग बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान, अध्याय १५ काढला. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात धाकटा मुलगा बापाचा पैसा उडवून परत येतो, बाप मेजवानी देतो, आणि आपलं प्रवचन पुष्ट वासरू कापलं की संपतं, पण पुढे थोरला मुलगा शेतातून येतो, रुसून बाहेर थांबतो, म्हणतो मला कधी साधं करडूही दिलं नाहीत. आणि बाप मेजवानी सोडून त्याच्यासाठीही बाहेर येतो, रागावत नाही, "बाळा" म्हणतो. थोरला आत गेला का, हे लूकने लिहिलेलंच नाही.

"तुमचं करडू कोणतं, ताई?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "एक रविवार. नुसतं झोपायला."

आता हे प्रार्थनेने सुटणारं नव्हतं, वाटणी करायला हवी होती. भावाला बोलावलं, त्याने शुक्रवारचं डायलिसिस घेतलं, मंडळीला सांगून संडे स्कूलही महिन्यातून एकदा दुसऱ्या कोणीतरी घ्यायचं ठरलं. माफीचा विषय मी काढलाच नाही, घाई नव्हती.

महिन्याभराने फोन आला. "काल तो आईची फाईल घरीच विसरून गेला मॅडम. मी नेऊन दिली नाही. परत येऊन घेऊन गेला."

आणि हसल्या.