वाचकांचे प्रश्न : विनामूल्य, पण पारखून घेतलेले

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. घरात दिवसभर इंटरनेट असते, परंतु त्याचा उपयोग गाणी ऐकणे आणि आलेले संदेश पुढे पाठवणे यांपलीकडे फारसा होत नाही. मला वाचनाची आणि पक्षी पाहण्याची आवड आहे. नात सातवीत शिकते. ‘फ्री’ म्हणून काही उघडावे, तर थोड्याच वेळात कार्डाचा नंबर मागितला जातो. खरोखर विनामूल्य असलेली, उपयोगी पडतील आणि मनही रमेल अशी साधने कृपया सुचवावीत.
— एक वाचक, कराड

उत्तर : आपण आपल्या आवडी कळवल्यात हे फार बरे झाले, कारण शंभर संकेतस्थळांची यादी दिली तर ती जपून ठेवली जाते आणि त्यातले एकही उघडले जात नाही. कोणतेही साधन वापरण्यापूर्वी ते कोणी तयार केले आहे आणि त्याचा खर्च कोण करते, एवढे आधी पाहावे. शासन, विद्यापीठ किंवा देणग्यांवर चालणारी संस्था यांचे नाव स्पष्ट दिसत असेल तर पुढे जावे. ‘काही दिवस मोफत’ असे सांगून कार्ड मागितले जात असेल तर तिथूनच परत फिरावे.

वाचनासाठी पहिले नाव आपल्याच जिल्ह्यातले आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाईत सिद्ध झालेला मराठी विश्वकोश आज संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतो. पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला आणि मूळ मालिका २० खंडांची आहे. एक नोंद उघडून तिच्यातून दुसऱ्या विषयाकडे वळत गेले की दुपार कशी सरते ते कळत नाही. मात्र जुन्या खंडांतील लोकसंख्या किंवा उत्पादनाचे आकडे त्या त्या काळचे आहेत हे लक्षात ठेवून वाचावे. इतिहास, वनस्पती, तत्त्वज्ञान अशा विषयांच्या नोंदींना ही अडचण फारशी येत नाही. जुने शब्द अडले तर मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाने शोधता येईल अशा रूपात ठेवली आहे. सातारा जिल्ह्याचे १८८५ चे इंग्रजी गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा ग्रंथ, इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथसंग्रहात आहे आणि आपल्या गावाचा, घाटाचा किंवा नदीचा उल्लेख शोधण्यासाठी तरी ते एकदा अवश्य चाळावे.

पक्ष्यांसाठी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेचे ‘मर्लिन’ हे ॲप घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्या प्रदेशातील पक्ष्यांचा संच एकदा उतरवून घेतला की पुढे इंटरनेट नसले तरी ते चालते. सकाळी प्रीतिसंगमावर जाऊन ध्वनी ओळखण्याचे बटण दाबावे. आजूबाजूचे आवाज पडद्यावर रेषांच्या आकृतीत सरकत जातात, ओळखलेल्या पक्ष्यांची नावे छायाचित्रासह खाली जमा होतात आणि तोच पक्षी पुन्हा ओरडला की त्याचे नाव उजळते. तांबटाचा एकसुरी ठोका आणि बुलबुलाची शीळ एकाच वेळी चालू असताना कोणते नाव केव्हा उजळते हे पाहत राहिले की कान हळूहळू तयार होतो. ॲपने दिलेले नाव हा अंदाज असतो. पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय वहीत नोंद करू नये.

नातीसाठी बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात आहेतच, पण ती खरी रमेल ती ‘फेट’ या पडद्यावर करायच्या विज्ञानप्रयोगांच्या संकेतस्थळावर. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांनी २००२ साली हा प्रकल्प सुरू केला आणि त्यातील अनेक प्रयोग मराठीतही आहेत. विद्युत परिपथाच्या प्रयोगात बॅटरी, तारा आणि दिवा बोटाने ओढून जोडायचे असतात. परिपथ पूर्ण झाला की तारांतून ठिपके वाहू लागतात आणि दिवा लागतो. दिवा काढून बॅटरीची दोन्ही टोके नुसत्या तारेने जोडली तर पडद्यावर ज्वाळा दिसतात. घरातल्या खऱ्या तारांशी जो प्रयोग कधीही करू नये, तो इथे मुलांना मनसोक्त करता येतो आणि त्यामागचे कारण आपल्यासारख्या शिक्षकाला शेजारी बसून सांगता येते.

प्रश्न : आमच्या वाचक गटात मराठी पुस्तकांच्या पीडीएफ रोज येतात. त्या उतरवून घेणे योग्य आहे का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : सरसकट नाही. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे त्याच्या साहित्यावर स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, म्हणून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले साहित्य २०११ पासून सर्वांसाठी खुले आहे. मात्र त्यावर एखाद्या संपादकाने नव्याने लिहिलेल्या टिपा किंवा प्रस्तावना वेगळ्या हक्काच्या असतात. हयात लेखकाचे पुस्तक त्याच्या किंवा प्रकाशकाच्या परवानगीविना गटात फिरत असेल, तर आधीच थोड्या प्रतींवर तगून राहणाऱ्या मराठी प्रकाशनाचे त्यात सरळ नुकसान होते. ते उतरवू नये आणि पुढे पाठवू नये. हक्कमुक्त जुने साहित्य मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक पानापानाने मूळ प्रतीशी ताडून चढवतात, तर ई साहित्य प्रतिष्ठानाकडे लेखकांच्या संमतीने दिलेली पुस्तके मिळतात. आपल्या गटात पीडीएफऐवजी या दोन ठिकाणांचे दुवे पाठवावेत, आणि गटातील कोणाला मराठी टंकलेखन येत असेल तर विकिस्रोतावर मुद्रितशोधनाचे कामही हाती घेता येईल. त्यासाठी कोणतेही शुल्क नाही.